काय हवं ते न विचारणारी खानावळ

ह्यांना झटका आला त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. पाय सुधारला, उजवा हात अर्धामुर्धा सुधारला, तोंडाचा वाकडेपणाही गेला. गेलं ते बोलणं. न्हावा शेव्याच्या गोदीत मालवाहू गाड्यांची वर्दळ आवाजावर हाकणाऱ्या माणसाकडे एकच शब्द उरला, तो म्हणजे 'हो'. चहा देऊ? हो. साखर घालू? हो. की बिनसाखरेचा देऊ? हो. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतंय, पण बोलायला गेले की दुसरा शब्द येत नाही.

भेटायला येणारे म्हणायचे, साहेब किती समंजस झालेत! माझं डोकंच फिरायचं. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्या एका वाक्याला सरळ हो म्हणाला नव्हता, आणि आता म्हणे समंजस. मी त्या लोकांना चहा करायची, पण दुसऱ्यांदा विचारायची नाही.

सुरुवातीला मी ह्यांना हौसेने बाहेर न्यायची. स्टेशनजवळच्या एका उडप्याकडे गेलो. वेटरने नेहमीच्या वेगाने यादी म्हटली, आणि हे प्रत्येक नावाला 'हो' म्हणत गेले. मी हात धुवायला गेले होते. परत येते तो टेबलावर इडली, मेदूवडा, उत्तप्पा, पुरीभाजी आणि वर दोन लस्स्या. शेजारच्या टेबलावरची मुलं तोंडावर हात ठेवून हसत होती. ह्यांचे कान लालबुंद झाले. न खाताच ते उठले. त्यानंतर हॉटेल म्हटलं की पाय रोवून उभे राहायचे. तोंडाने मात्र 'हो'.

हे एवढंच असतं तर चाललं असतं. पण मुलगा बंगळुरूहून मागे लागला होता. पनवेलचं घर विका आणि आमच्याकडे या. फोनवर तो ह्यांना विचारायचा, "बाबा, येणार ना इकडे?" आणि हे म्हणायचे, "हो." मग तो मला म्हणायचा, "बघ, बाबा तयार आहेत. तूच अडून बसली आहेस." मी म्हणायची, "तुझे बाबा दंतमंजनाच्या जाहिरातीलासुद्धा हो म्हणतात." तो चिडायचा, मी फोन ठेवायची. घर बघायला दोन गिऱ्हाइकं येऊनही गेली. मला जायचं नव्हतं, हे तर उघडच होतं. माझ्या मैत्रिणी इथे, भाजीवाली इथे, भांडायला सोसायटी इथे. पण ह्यांना काय हवंय ते कोणालाच कळत नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय मी कुठल्याही कागदावर सही करणार नव्हते.

ह्यांच्या व्यायामाचे डॉक्टर नेऱ्याच्या रस्त्याला बसतात. एके दुपारी तिथून परतताना आमच्या ठरलेल्या रिक्षावाल्याने एका घरासमोर रिक्षा थांबवली आणि म्हणाला, "मॅडम, दोन घास खाऊन घेतो. तुम्ही पण या ना, मस्त असतं." बैठं घर होतं, पुढच्या पडवीत चार टेबलं मांडलेली. दारावरच्या पाटीवर 'मेक्सिकन जेवण', आणि त्याखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरात 'चपला बाहेर'. टेबलं बघून हे रिक्षातून उतरेनात. पण पोटात भूक असावी, आणि आतून मिरच्या भाजल्याचा असा काही वास येत होता की मीच आधी उतरले. मग माझ्यामागून हेही आले.

माझ्याच वयाची एक आगरी बाई आली. पाण्याचे पेले ठेवून म्हणाली, "बसा. जेवान येतंय."

"मेनू कार्ड?" मी विचारलं.

"कार्ड नाय. हाय ते वाढाचं."

"बरं, आज आहे काय?"

"जेवा, मंग समजल."

मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आहे. असल्या उत्तरांना मी बाकावर उभं करते. तोंड उघडणार, एवढ्यात ताटं आली. मक्याच्या लहानलहान पातळ भाकऱ्या, काळ्या घेवड्याची घट्ट उसळ, टोमॅटोच्या रश्शात शिजवलेला मासा, वर कोथिंबीर आणि लिंबाची फोड. ह्यांना कोणी काही विचारलं नाही. कोणी ह्यांच्या तोंडाकडे बघत वाट पाहत थांबलं नाही. ह्यांनी डाव्या हाताने भाकरी मोडली, रश्शात बुडवली आणि जेवायला लागले. मी बघत राहिले. घरी मी ह्यांच्यासमोर बसून 'हे देऊ का, ते देऊ का' करत असायची, आणि हे 'हो हो' करत अर्धं ताट तसंच ठेवायचे. इथे ताट लख्ख झालं.

मग आमचं दर आठवड्याला तिकडे जाणं सुरू झालं. हळूहळू घरची माहिती कळली. त्या बाईंचा मुलगा परदेशी पर्यटकांच्या बोटीवर आचारी होता. त्याच भटारखान्यात मेक्सिकोची एक मुलगी काम करायची. बोटीवरच जमलं, लग्न झालं, आणि टाळेबंदीत बोटी बंद पडल्यावर दोघं इथे आली ती इथलीच झाली. आता मुलगा पहाटे करंज्याच्या बंदरावर जाऊन मासळी आणतो, सून रांधते, सासू वाढते. सून मका रात्रभर चुन्याच्या पाण्यात भिजवून वाटते. पानाला लावतो तोच चुना. आमच्या शेजारणीला हे सांगितलं तर ती आठवडाभर माझ्या तब्येतीची चौकशी करत होती. भाकऱ्या सून दाबयंत्रात दाबते, पण गर्दी झाली की सासू हातावर थापते. त्या जरा जाड होतात, आणि मला त्याच जास्त आवडतात.

काय मिळेल याचा नेम नसायचा. कधी केळीच्या पानात गुंडाळून उकडलेलं मक्याचं पीठ, आत तिखट कोंबडी. आपल्या पानगीची लांबची बहीणच म्हणा. चतुर्थी असली तर नुसत्या भाज्या, मग समोर गोरा साहेब बसलेला का असेना. नव्या टॉवरमधले तरुण यायचे, मोबाइल उघडून पर्याय विचारायचे. सासूबाई म्हणायच्या, "घरी आलेल्या मान्साला कोन इचारतंय, तुला काय पायजे म्हनून?" काही जण उठून जायचे. त्या खुशाल जाऊ द्यायच्या.

सुनेचं मराठी सासूकडूनच आलेलं. तिच्या तोंडून आगरी ऐकलं की नवखा माणूस घास हातात धरून बघत राहायचा. एकदा ती आमच्या टेबलाशी येऊन बसली. ह्यांचं 'हो' तिच्या लक्षात आलं होतं. म्हणाली, "काका, मी आले तवा मना पन येकच शब्द येवाचा. 'बरा.' कोन काय बोलला का, 'बरा'. आई सुकं बोंबील वाढाची, मी बोलाची 'बरा'. वरीसभर खाल्लं."

"आणि आवडायचं?" मी विचारलं.

तिने मागे बघून सासू जवळपास नाही याची खात्री केली. "नाय ओ काकू. अजून नाय आवडत."

हे हसले. आवाज काढून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मला सांगायला लाज वाटत नाही, मी त्या मुलीचा हात धरून ठेवला होता.

तिथे एकच गोष्ट मला खटकायची, ती म्हणजे आग्रह. आग्रह हा मी छळाचाच एक सभ्य प्रकार मानते. लहानपणापासून पंगतीत मला रडू यायचं ते त्यापायी. सासूबाईंच्या हिशेबी पाहुण्याचं पहिलं 'पुरे' म्हणजे रीत, दुसरं म्हणजे लाज, तिसऱ्यापासून पुढे विचार करायचा. हे ताटावर हात आडवा धरायचे, आणि त्या हाताच्या कडेने हळूच वाढायच्या. "येक घ्या. येकानं काय होतंय?" मी मधे पडले की मला म्हणायच्या, "तुमाला वाढतंय काय मी? मंग?"

त्या दिवशी सुनेने तिच्या माहेरचा सणासुदीचा रस्सा केला होता. चार तऱ्हेच्या सुक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे आणि शेवटी थोडं चॉकलेट घालून दोन दिवस आटवलेला. वर्णन ऐकून मी नाक मुरडलं होतं, खाल्ल्यावर गप्प बसले. हे तर पोटाला तडस लागेपर्यंत जेवले. मग ताटावर हात धरला. सासूबाईंनी कडेने वाढलं. ह्यांनी ते संपवलं, कारण ताटात टाकायची ह्यांना सवय नाही. पुन्हा हात धरला. पुन्हा वाढलं. मी "अहो, पुरे करा आता" म्हणणार होते. सासूबाई भाकरी आणि वर डाव भरून रस्सा घेऊन आल्या, आणि ह्यांचा हात चक्क उचलून बाजूला ठेवला.

"नको!" हे ओरडले.

मी पाण्याचा पेला ठेवायला गेले तो टेबलावर न ठेवता हवेतच सोडला. ह्यांनी आपल्याच तोंडाला हात लावला, जणू तिथे काही चावलं. रिक्षावाला उठून उभा राहिला. सुनेला आतून काय ऐकू आलं कोण जाणे, ती पिठाच्या हातांनी बाहेर आली. फक्त सासूबाईंना काही कळलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ते पाहुण्याचं साधं, रीतीचं 'नको' होतं. "नको काय नको, बारकीच हाय," म्हणत त्यांनी भाकरी वाढली.

"नको! नको! नको!" हे म्हणाले, आणि प्रत्येक वेळी आवाज जास्त मोकळा येत गेला. मी रडायला लागले. सासूबाई घाबरून म्हणाल्या, "अगो बाय, न्हेते परत, रडू नका." सून त्यांच्या गळ्यात पडली, आणि त्या बिचाऱ्या हातातला डाव सांभाळत "काय झाला, काय झाला" विचारत राहिल्या.

घरी येईपर्यंत ह्यांनी त्या शब्दाचा नुसता धुमाकूळ घातला. रिक्षावाल्याने पंखा लावू का विचारलं, नको. लिफ्टमध्ये शेजारी म्हणाले पिशवी द्या, नको. मी दुपारची गोळी पुढे केली, नको. गोळीवरून आम्ही कडकडून भांडलो. म्हणजे मी भांडले आणि हे 'नको' म्हणाले, पण दीड वर्षात पहिल्यांदा समोरून उत्तर येत होतं. शेवटी गोळी घेतली. मला इतका आनंद झाला होता की शेजारणीला सांगायला धावणार होते.

मग माझ्या मनात आलं, आता विचारता येईल. आता ह्यांच्याकडे दोन शब्द आहेत.

खरं सांगते, उत्तर मला ठाऊक आहे असंच मला वाटत होतं. चांगला मोठा 'नको' येईल, मी तो फोनवर मुलाला ऐकवीन, आणि घर विकायचा विषय कायमचा मिटेल. मी ह्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"चहा हवाय?"

"नको."

"टीव्ही लावू?"

"नको."

"बंगळुरूला जायचं? मुलाकडे राहायला?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो."

मला वाटलं, जुनी सवय आहे, तोंडातून आपोआप आलं असेल. मी प्रश्न उलटा केला. "मग इथेच राहू या का? पनवेललाच, आपल्या घरात?"

"नको," हे म्हणाले. हळूच म्हणाले, पण एक एक अक्षर स्वच्छ.

मी ज्याला ह्यांची असहायता समजत होते, तो इतके दिवस खरा होकार होता. ह्यांना तिथल्या नातवंडांजवळ राहायचं होतं की काय, की जिथे गोदीतले साहेब म्हणून मिरवलं तिथे असं मुकं बसणं नको झालं होतं, ते मला कळलं नाही. दोन शब्दांत तेवढं सांगता येत नाही. मला जायचं नव्हतं, अजूनही नव्हतं. मला ह्यांचा राग आला, आणि त्याच वेळी ह्यांना जवळ घ्यावंसं वाटलं.

हे माझ्याकडे बघत होते. आजारपणानंतर कधी नव्हे ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"बरं, जाऊ," मी म्हटलं, आणि मुलाला फोन लावला.