देवीच्या टेकडीची चढण

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढे धरला आणि सांगितलं, डावं फुप्फुस क्षयाने पोखरलं आहे, खराब भाग काढावा लागेल. पण अंगात बळ नाही. दोन महिने रोज चाला, खोल श्वास घ्या, मग या. ऑपरेशननंतरही चालणं सोडायचं नाही.

मला ऑपरेशनपेक्षा चालण्याचीच धास्ती वाटली. आमच्या वडिवळ्यात बाई घराबाहेर पडते ती पाण्याला, लाकडाला, नाहीतर शेतावर. नुसतं चालायला कोण जातं? तीन वर्षांची लेक आजार लागू नये म्हणून माहेरी ठेवली होती. तिच्यासाठी जगायचं होतं, पण लोकांच्या नजरेपुढे पाय उचलत नव्हता.

म्हणून मी रिकामी कळशी कमरेवर घेऊन निघू लागले. पाण्याला चालले असं वाटावं. तिसऱ्या दिवशी शेजारचे आबा कामशेतच्या बाजाराला निघाले होते, त्यांच्या गाडीपुढेच मी आले.

"रिकामं भांडं घिऊन आडवी आलीस व्हय गं? आता कशाचा बाजार!" म्हणत त्यांनी बैल सोडले.

हा अपशकुन मलाही ठाऊक होता, पण माझ्या भीतीत मी तो विसरले होते. त्यानंतर मी उंबरा ओलांडला नाही. देव्हाऱ्यापुढे बसून म्हणायची, "आई, माझ्याच्यानं होत नाही. तूच बघ."

आठवडाभराने दुपारी एक अनोळखी म्हातारी लाकडाची मोळी टेकवून दारात पाणी मागायला आली. मी कुणाशी फार बोलत नाही, पण तिने "आजारी हाईस का?" विचारलं आणि मी सगळं सांगून मोकळी झाले. ती खळखळून हसली.

"खुळी का काय! टेकडीवर देवी बसलीया न्हवं? हातात फुलं घे आन् रोज जा. देवीला जाणारणीला कुटं चाललीस म्हून कोन इचारतंय?"

दुसऱ्या दिवसापासून मी जाऊ लागले. पहिल्यांदा सात ठिकाणी बसले. आबा वाटेत भेटले तेव्हा मी अंग चोरून उभी राहिले, पण ते बाजूला होत म्हणाले, "माजाबी एक नमस्कार सांग गं आईला." दोन महिन्यांनी मी एकदाही न बसता वर पोचले.

ऑपरेशन निभावलं. घरी आले तेव्हा डावा हात खांद्याच्या वर जाईना. तो रोज थोडा थोडा उचला, नाहीतर आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पायांत जीव आल्यावर मी पुन्हा टेकडी धरली. देवाला डावा हात चालत नाही म्हणतात, तरी डाव्याच हाताने फूल वाहायचं ठरवलं. आधी ते देवीच्या पायांशीच राहायचं. मग गुडघ्यापर्यंत गेलं, मग हातापर्यंत. कळ यायची, डोळ्यांत पाणी यायचं. एका सकाळी फूल तिच्या माथ्यावर टेकलं.

त्या म्हातारीची मी वाडीवाडीवर चौकशी केली. कुणालाच ती माहीत नव्हती. ती कोण होती, हे मी आता विचारत नाही. स्वतःला देवीवर टाकायचं म्हणजे हातपाय सोडून बसायचं, अशी माझी समजूत होती. तिने मला उठवून चालायला लावलं. चालणं माझं, पोचवणं तिचं, एवढं आता कळतं.

डॉक्टरांनी मुभा दिल्यावर लेक घरी आली. तिला घेऊन टेकडीवर निघाले. अर्ध्या चढणीवर ती थांबली, दोन्ही हात वर करून म्हणाली, "आये, उचल."

मी तिला उचललं आणि उरलेली चढण चढले.