गोजराआत्याच्या गळ्यातली गाठ

आमच्या लहानपणी करावे गावात लग्न भटजी नव्हे, गोजराआत्या लावायची. ती धवलारीण. लग्नातले सगळे विधी ती धवले गात पार पाडायची. नवरा-नवरी पाटावर पेंगायची, आत्याचा आवाज मात्र बसायचा नाही. लांब सूर ओढताना तिच्या मानेवरची शीर टरारून फुगायची आणि आम्ही पोरं बघत राहायचो. काय दिवस होते ते! आता हॉल घेतात, डीजे लावतात आणि आत्याला साडी देऊन जेवायला बसवतात.

मागच्या वर्षी आत्याच्या मानेत, त्याच शिरेच्या जागी, वाटाण्याएवढी गाठ आली. "कुनी बोलवत नाय, गानी गल्यात अडकलीन," हे आत्याचं निदान. शेजारणींनी माना डोलावल्या. मी तिला धरूनबांधून दवाखान्यात नेलं. तिथे रक्ताची गुठळी ठरली. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेऊन झाल्या, गाठ जशीच्या तशी.

मग नेरुळला डॉक्टर प्रियदर्शिनींकडे गेलो. सोनोग्राफी करताना त्या म्हणाल्या, "आजी, श्वास कोंडून जोर करा." आत्याला ते काही जमेना. "त्यापरीस गाते," असं वैतागून म्हणाली आणि तिने धवला सुरू केला. पडद्यावर शीर फुगली. गाठ आत भिंतीला चिकटलेली होती आणि तिच्यातही रक्त खेळत होतं.

"गुठळीत असं रक्त खेळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "शिरेच्या आतच गाठ वाढलीये. फार क्वचित दिसते. बहुतेक साधीच असेल, पण काढून तपासायला हवी." शेजारूनच आवाजाची नस जाते, तिला धक्का लागला तर आवाज जाईल, हेही त्यांनी सांगितलं.

आत्याने त्यांचा हात धरला. "जपून काडा, बाय. माज्याकडं तेवडाच हाय." मला तिथेच रडू फुटलं.

ऑपरेशनात डॉक्टरांनी शीर दोन्हीकडून बांधून गाठीसकट तेवढा तुकडा काढला. त्यानंतर आत्या बोलेचना. चहासुद्धा खुणेने मागायची. आवाज गेला असेल तर ते कळूच नये, असं तिला वाटत असावं. घर असं मुकं कधी नव्हतं.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवला. "गाठ साधीच निघाली. आता आवाज ऐकवा."

आत्याने डोळे मिटले आणि सूर लावला. बाहेर बाकावरची माणसं दारात जमली. सूर कुठेही चिरला नाही.

"आवाज हाय," डोळे पुसत ती म्हणाली. "आता बोलावनारा पायजे."