पान्यांची पेटी

तेल चोळलेली तूर उन्हात तापली, की तिच्या वासानं मी आजही त्या दिवसांत जाते. अहमदपूरच्या दाळमिलमध्ये तेव्हा मी दाळ निवडायला होते. आमचे गफूरमिस्त्री पान्यांच्या पेटीची किल्ली खिशातच ठेवायचे; ते नसताना काही बिघडलं, की मिल बंद. नव्या मॅनेजरबाईंनी दर सोमवारी तासभर यंत्रं थांबवून त्यांनाच आम्हाला दुरुस्ती शिकवायला लावलं. ते कुरकुरत शिकवायचे.

एकदा ते मुखेडला लग्नाला गेले, किल्लीसकट. इकडं पट्टा तुटला, दारात तुरीच्या गाड्या उभ्या. मी फोन केला. मिस्त्री म्हणाले, "कुलूप तोड, पोरी. येतंय की तुला!"

नवा पट्टा चढवून मी बटण दाबलं. मिल धडधडली, आणि बायकांनी काय टाळ्या पिटल्या!

आज मिस्त्री मी आहे. पेटी तीच आहे. कुलूप पुन्हा लावलं नाही.