जीव जायच्या आत

हमझा सोलकर धावताना दिसला की खाडीकाठच्या भाट्याच्या मोहल्ल्यात कुणाला काही विचारावं लागत नसे. कुणाच्या तरी परसात कोंबडीने मान टाकलेली असे. साठी उलटलेला, एका गुडघ्याने अधू, उमेदीची वर्षं मिरकरवाडा बंदराच्या ट्रॉलरवर घालवलेला हा माणूस एरवी पडवीत बसून सावकाश जाळी विणायचा. हाक आली की मात्र सुरी घेऊनच उठायचा. मोहल्ल्यातले बहुतेक पुरुष आखातात, घरात सुरी धरणारं कुणी नाही. कोंबडी आपल्या मरणाने मेली तर ती हराम, खड्ड्यात टाकायची. जीव जायच्या आत अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरली तर चार माणसांचं जेवण. मधे मोजक्या श्वासांचं अंतर असे, आणि ट्रॉलर सोडल्यापासून हमझा त्या अंतरात धावत आला होता. पंखाखाली दोन बोटं घातली की आत जीव आहे की नाही हे त्याला कळे. तो कशाने चालला आहे, हे कधी कळलं नव्हतं. तसं विचारायची वेळही कधी आली नव्हती.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत टीव्हीवर बर्ड फ्लूचं नवापूर दिसू लागलं. पांढरे पोशाख घातलेली, चेहरा नसलेली माणसं, पोती, खड्डे, चुना. नवापूर राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मोहल्ल्यात थट्टाच जास्त झाली. शेजारची कुलसुम म्हणाली, "आमच्या कोंबड्यांना टीव्ही बघायला देऊ नका गो, उगाच शिंकायला लागतील."

कुलसुमचा नवरा दोह्याला होता. पोरांच्या वह्या, साबण, बसभाडं हे सगळं ती अंड्यांवर भागवायची. थट्टेला आठवडा झाला नसेल, आणि एका सकाळी तिनेच हाक मारली.

"चाचा, धावा! तिघींनी एकदम माना टाकल्यायत."

तुरे काळसर निळे पडले होते. हमझाने दोन कापल्या. तिसरीची चोच धरली तेव्हा ती शिंकली. चिकट, कोमट थेंब त्याच्या ओठांवर आले. त्याने बाहीने तोंड पुसलं आणि सुरी फिरवली. एक कोंबडी कुलसुमने त्याच्या हातात दिली. "घेऊन जा. घरात पोटुशी सून आहे, तिला रस्सा होईल."

सून अलफियाला सातवा महिना लागला होता. मुलगा रेहान शारजाला. रस्सा झाला, सगळे जेवले.

रात्री टीव्हीवर एक डॉक्टर समजावून सांगत होते. हा रोग पक्ष्याकडून माणसाला होऊ शकतो, पण माणसाकडून माणसाला जाणं त्याला अजून नीट जमलेलं नाही. तो सारखा बदलत असतो. कुठल्यातरी एका माणसाच्या शरीरात तो असा बदलला, की मग त्याला कोंबडीची गरज उरणार नाही.

"बंद करा ते," हमझाची बायको जैबुन म्हणाली. "पोरगी घाबरेल."

हमझाने टीव्ही बंद केला. पण डॉक्टर म्हणाले तो एक माणूस खोलीतून गेला नाही. त्याला चेहरा नव्हता, आणि त्याच्या ओठांवर काहीतरी कोमट होतं.

चौथ्या दिवशी हमझाचं अंग तापलं. घसा सोलल्यासारखा झाला. कुणाला न सांगता त्याने चटई उचलली आणि तो परसातल्या जाळ्यांच्या खोपीत जाऊन बसला.

"हे काय नवीन सोंग?" जैबुन पेज घेऊन आली.

"लांब थांब. तिथेच ठेव."

"नवरा आहात की पीर?"

"जैबुन, ताप आहे. कुलसुमच्या कोंबड्या मी कापल्या, त्यानंतर."

तिने थाळी तिथेच खाली ठेवली. ती पाठमोरी झाली आणि तिने आधी घराकडे बघितलं. आत अलफिया तांदूळ निवडत होती. दोघांनी तिचं नाव घेतलं नाही.

तासाभरात कुलसुम कुंपणाशी उभी. जैबुनने सांगितलं असावं.

"चाचा, कोंबड्यांची नेहमीची मानमोडी आहे ती. उन्हं लागली की येते, जाते. तुम्ही काय पहिल्यांदा बघताय?"

"असेल."

"असेल नाय, आहेच. तुम्ही दवाखान्यात तोंड उघडलंत तर गाडी येईल. सगळ्या मोहल्ल्याच्या कोंबड्या पोत्यात जातील. बायका मला फाडून खातील. गोळी घ्या, झोपा, दोन दिवसांत उतरेल."

ती खोटं बोलत नव्हती. तिचंच बरोबर असण्याचा संभव जास्त होता, हे हमझालाही दिसत होतं. पण बापाच्या तोंडून ऐकलेलं त्याला आठवलं. बापाच्या लहानपणी माणसांत एक ताप आला होता, त्यालाही लोक मानमोडीच म्हणत. जनाज्याच्या खाटल्यांना खांदा द्यायला माणसं उरली नव्हती.

घरातून अलफियाचा आवाज आला. "अब्बा, चहा आणू?"

"येऊ नकोस!" तो इतक्या जोरात ओरडला की तिच्या हातातून काहीतरी पडल्याचं ऐकू आलं.

त्याने तोंडाला पंचा बांधला आणि तो निघाला. पुलापलीकडे शहर, तिथे सरकारी दवाखाना. बस होती, पण बसमध्ये माणसं होती. दुपारच्या उन्हात तो पुलावर चढला. वारा समुद्राकडून येत होता, म्हणून तो खाडीच्या वरच्या अंगाला, कठड्याला लागून चालला. आपला श्वास पाण्यावर जावा. समोरून कुणी आलं की पाण्याकडे तोंड करून थांबायचा. गुडघा ठणकत होता. पूल संपत नव्हता.

मागून करीमची रिक्षा येऊन थांबली. "चाचा, लग्नाला निघालात की काय तोंड बांधून? बसा!"

"जा तू."

"अहो, पैसे नको मला. बसा."

"पुढे जा म्हणतो ना!"

करीम उतरून हात धरायला आला. हमझाने कठड्याला पाठ लावली आणि दोन्ही हात मागे घेतले. "करीम, तुला पोरं आहेत. हात लावू नकोस मला."

करीम जागीच थांबला. मग मागे न बघता रिक्षात बसला आणि गेला.

दवाखान्यात हमझाने उंबऱ्याबाहेरूनच सगळं सांगितलं. रांग आपोआप फुटली. त्याला कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं, घशातले नमुने पुण्याला पाठवायला घेतले. तोंड झाकलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कोण कोण?"

"बायको. सून. तिला आधी तपासा, बाई. सातवा लागलाय."

"आणि कोंबड्या कुणाच्या?"

त्याने तोंडावरचा पंचा वर ओढला. बाईंनी पुन्हा विचारलं.

"कुलसुमच्या," तो म्हणाला. "शेजारीण आहे माझी."

दुसऱ्या दिवशी जैबुन आणि अलफियाला पलीकडच्या खोलीत आणलं. रात्री भिंतीपलीकडून खोकला आला. एकदा, पुन्हा एकदा. हमझा भिंतीला कान लावून उभा राहिला.

"अलफिया!"

"ठसका लागला, अब्बा. अम्मीने चिवड्यात मिरच्या घातल्यायत."

"खरं सांग."

"खरंच. झोपा तुम्ही."

तो झोपला नाही. तिचा श्वास भिंतीतून ऐकू येत नव्हता, आणि दर वेळी न आलेला खोकला आलेल्या खोकल्यापेक्षा जास्त वेळ टिकत होता.

पुण्याहून उत्तर आलं तोवर त्याचा ताप उतरला होता. तिघंही साफ होती. "कोंबड्यांना मानमोडीच होती, तुमचा ताप साधाच," बाई म्हणाल्या. त्यांनी मास्क काढला होता. चेहऱ्यावर त्याचे वळ उठले होते, आणि हमझाला वाटलं होतं त्याहून त्या वयाने लहान होत्या.

"म्हणजे मी उगाच आलो."

"या वेळी काही निघालं नाही, एवढंच. पुन्हा आजारी कोंबडीला हात लावू नका."

तो मोहल्ल्यात शिरला तेव्हा कुठेच कुकूचकू नव्हतं. जनावरांच्या दवाखान्याची गाडी नमुने न्यायला येणार, एवढं कळल्यावर ती यायच्या आदल्या रात्रीच बायकांनी भीतीने आपापल्या कोंबड्या मारून पुरल्या होत्या. आजारी, धडधाकट, सगळ्या. मारा असं कुणी सांगितलं नव्हतं. तपासायला कुलसुमच्या परसात, कोंबड्या झाकायच्या झापाखाली, एक मेलेली तेवढी मिळाली होती.

कुलसुम पायरीवर बसली होती.

"बरे झालात?"

"झालो."

"एक सांगा, चाचा. तुम्ही गप्प राहिला असतात तर काय झालं असतं?"

हमझाने विचार केला. "काही नाही."

"मग?"

"तेव्हा ठाऊक नव्हतं गो."

कुलसुमने परसाकडे बघितलं. तिथे रिकामं झाप उपडं पडलं होतं. "मला होतं ठाऊक," ती म्हणाली. तिने दार लावलं नाही, पण आत या असंही म्हटलं नाही.

हमझा घराकडे वळला. जैबुनबरोबर आधीच घरी पोचलेली अलफिया दारात हसली, त्याच्या हातातली दवाखान्याची पिशवी घ्यायला पुढे आली. त्याने पिशवी जमिनीवर ठेवली, श्वास रोखला, आणि तिच्यापासून हातभर लांबून आत गेला.