एनिडने मान वळवली

माझी बायको एनिड उंदराला भिते, वादळाला भिते, फोन वाजला तरी दचकते. मी खाटीक. चाळीस वर्षं सुरी चालवली, त्यामुळे भीती म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक नाही, असं गिऱ्हाइकांना ऐकवायचो आणि एनिडची टिंगल करायची एकही संधी सोडायचो नाही. आठवड्याचे पाच दिवस ती शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं जेवण रांधायची. शनिवार-रविवार आमच्या यॉर्कशरच्या डोंगरात हौशी मंडळी चालवतात त्या जुन्या रेल्वेवर फुकट राबायची. तेही तिकीट खिडकीवर नाही, वाफेच्या इंजिनावर, भट्टीत कोळसा टाकणारी फायरमन म्हणून.

पहिली चार वर्षं तिने नुसती इंजिनं पुसली. मग परीक्षा देऊन फावडं मिळवलं. इंजिनांच्या शेडमधले बाप्ये हसले. बाईला कोळसा झेपायचा नाही म्हणाले. तिला झेपला. मी एकदा विचारलं, एवढी भित्री तू, त्या भट्टीसमोर उभी कशी राहतेस? तर म्हणाली, "घरी मी उगाच घाबरते रे. तिथं घाबरायला कारण असतं. बरं वाटतं."

मला त्यातलं काही कळलं नव्हतं. तिची बावीस वर्षं तिथं झाली तेव्हा रेल्वेवाल्यांनी मला इंजिनाच्या केबिनमधून एक फेरी बक्षीस दिली. मी ऐटीत गेलो.

ड्रायव्हर होता कॉलिन ब्रिग्ज, पन्नाशीचा शांत गडी. त्याने मला एका कोपऱ्यात उभं केलं, दांडी धरायला सांगितली आणि कशालाही हात लावू नकोस म्हणाला. गाडी सुटली आणि मी घाबरलो. पायाखालची लोखंडी पट्टी सरकत होती, नडग्या भाजत होत्या, पाठ गारठली होती आणि बाजूला दार नावाचा प्रकारच नव्हता. घाबरला की कुणी गप्प होतो, मी बडबडतो. मी डुकरांबद्दल बोललो, मेव्हण्याबद्दल बोललो. कॉलिन मान हलवत राहिला. एनिडने लक्षच दिलं नाही.

ती फक्त काचेकडे बघत होती. भट्टीच्या वर एक उभी काचेची नळी असते, बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. भट्टीचं छत कायम पाण्याखाली असावं लागतं. ते उघडं पडलं तर लोखंड मऊ होतं, बॉयलर फुटतो, आणि मग ज्यांनी ते पाहिलं ते सांगायला उरत नाहीत. चढावर पाणी मागे, भट्टीकडे येतं. माथा ओलांडून उतार लागला की सगळं पुढे पळतं. म्हणून माथ्याआधी बॉयलर चांगला भरून घ्यायचा. हे तिने मला जेवताना शंभरदा सांगितलं होतं, आणि मी शंभरदा मीठ मागितलं होतं.

माथा जवळ आल्यावर तिने पाण्याचा पंप सुरू केला. तेवढ्यात मला खाली दरीत आमच्या दुकानाचं छप्पर दिसलं.

"अगं, बावीस वर्षं इथून जातेस, कधी मान वर करून बघितलंस? ते बघ आपलं दुकान."

नंतर, म्हणाली ती. मी ऐकतोय कसला! मी काय रोज येणार आहे का इथं, बघ की एकदा, असा हट्टच धरला. ती माझ्या शेजारी आली, बाहेर डोकावली. हसलीसुद्धा. मिनिटभर असेल, फार तर दोन. तेवढ्यात पंपाने दगा दिला. पाणी बॉयलरमध्ये जायचं सोडून खाली रुळांवर सांडत राहिलं, आणि माझ्या बडबडीत तिला त्याचा बदललेला आवाज ऐकू आला नाही. इंजिनाने माथा ओलांडला.

ती वळली. काचेत काहीच नव्हतं.

कॉलिनचा हात ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको, कॉलिन. आहे तेवढं पाणीही पुढे जाईल."

हा आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. तिने पंप बंद करून पुन्हा उघडला. खालून नुसती वाफ फुसफुसली. दुसऱ्या बाजूचा उघडला, तोही पाणी घेईना. तिने फावड्याने ओला कोळशाचा चुरा भट्टीत ढकलून विस्तव दाबला. मागे सहा डबे माणसांनी भरलेले, आणि आमचा वेग वाढत चाललेला. मी विचारलं, उडी मारू या का?

"क्लिफ, गप्प."

मी गप्प बसलो. माझी विजार ओली झाली, हे आज पहिल्यांदा कबूल करतोय. तिचे हात जिथं जायला हवेत तिथंच जात होते. तिसऱ्यांदा पंपाने पाणी घेतलं आणि बारीक गुणगुणल्यासारखा आवाज सुरू झाला. मग आम्ही तिघं त्या रिकाम्या काचेकडे बघत उभे राहिलो. किती वेळ ते मला विचारू नका. शेवटी तळाशी नखभर पाणी दिसलं.

खालच्या स्टेशनवर कॉलिन हळूच म्हणाला, सगळं शाबूत आहे, तिघांशिवाय कुणी पाहिलं नाही, मी बोलणार नाही. एनिडने हात पुसले, सरळ शेडच्या फोरमनकडे गेली आणि सांगितलं की काचेतलं पाणी गेलं होतं, माझं लक्ष नव्हतं. इंजिन तपासणीसाठी बाजूला काढलं, आणि एनिडलाही. तीन महिने फावड्याला हात लावायचा नाही, मग परीक्षा पुन्हा. मी फोरमनला गाठून सांगितलं की चूक माझी आहे. त्याने ऐकून घेतलं, पण कागदावर काही उतरवलं नाही.

घरी येताना मोटारीत मी तेच तिला सांगू लागलो.

"तू हाक मारलीस," ती म्हणाली. "मान मी वळवली."

तीन महिने तिने चिंध्या घेऊन इंजिनं पुसली, नवशिक्यांच्या रांगेत. मग परीक्षा दिली, पास झाली. तिच्या पहिल्या फेरीला मी माथ्याच्या अलीकडच्या स्टेशनवर जाऊन उभा राहिलो. इंजिन चढ चढत, धापा टाकत माझ्यासमोरून गेलं. केबिनमध्ये ती पाठमोरी उभी होती, नजर काचेवर. फलाटावरचे सगळे हात हलवत होते. मी दोन्ही हात खिशात घट्ट धरून ठेवले.