कोर्टाच्या यादीतलं नाव

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता धूसर झाल्या आहेत. निवृत्तीनंतर सिडनीत मी केलेली ही चौकशी मात्र डोक्यातून जात नाही.

गिरावीनला धाकट्या भावाकडे राहायला आलो होतो. पुतणीचं लग्न ठरलं होतं. मुलगा पुण्याचा, इथेच शिकून स्थायिक झालेला, क्वेकर्स हिलला राहणारा. त्याचं नाव कोर्टाच्या यादीत आहे, असं कोणीतरी भावाच्या कानावर घातलं.

"दादा, तू फौजदार होतास, तूच बघ," भाऊ म्हणाला.

अटकेची नोंद इथे कोणालाही बघायला मिळत नाही. पण कोर्टात कोणाची केस कधी आहे, ती यादी कॉम्प्युटरवर उघडी असते. नाव लगेच सापडलं. पुढचा मंगळवार, वर मथळा 'क्रिमिनल'. गुन्हा कोणता, ते लिहिलेलं नव्हतं. प्रिंट काढली आणि मुलाला चहाला बोलावलं.

ठाण्यात करायचो तसंच केलं. घरचं विचारलं, चहा संपू दिला, मग भावासमोरच सहज म्हणालो, "कोर्टकचेरी वगैरे काही?"

"नाही काका."

प्रिंट टेबलावर ठेवली. त्याचा चेहरा उतरला. खरं सांगतो, मला आनंद झाला.

"काका, लायसन्सचा मॅटर आहे. मंगळवारपर्यंत थांबा, प्लीज."

"एकदा खोटं बोललास. आता तुझं काय ऐकायचं?"

त्याच संध्याकाळी भावाने लग्न मोडलं.

मंगळवारी पुतणी शिफ्ट बुडवून कोर्टात जाऊन बसली. परत आल्यावर म्हणाली, "लायसन्सच होतं, काका. पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी मिळाली, की इथलं काढायचं असतं. हा इंडियन लायसन्सवरच गाडी चालवत राहिला. मॅजिस्ट्रेटने समज देऊन सोडलं. फाइव्ह मिनिट्स, दॅट्स इट."

"मग खोटं का बोलला?"

"तुम्ही बाबांसमोर विचारलंत. घाबरला तो."

गाडीचे असले गुन्हेही त्याच मथळ्याखाली येतात, हे मला ठाऊक नव्हतं, आणि मी कोणाला विचारलंही नाही. भाऊ माफी मागायला गेला. मुलगा नीट बोलला, पण लग्नाला पुन्हा तयार झाला नाही.

नोंद सापडली की चौकशी सुरू होते, संपत नाही, हे मी हाताखालच्यांना आयुष्यभर बजावलं. निर्दोष माणूसही घाबरून खोटं बोलतो, हे तर ठाण्यात रोज बघत होतो. घरच्या मुलीच्या वेळी दोन्ही विसरलो. चूक माझीच.

पुतणीने मला कधी दोष दिला नाही. एकदाच विचारलं, "काका, कोर्टात कोणीही जाऊन बसू शकतं. तुम्ही का नाही आलात?"

मंगळवारी मी घरीच होतो.