पाकोळीबाई

बाई घरात शिरण्याआधी त्यांचा वास शिरायचा. पाकोळ्यांच्या लेंड्यांचा, आंबूस, एकदा नाकात बसला की जेवणापर्यंत न उतरणारा. पाकोळ्या म्हणजे किडे खाणारी छोटी वटवाघळं. संगमेश्वराकडच्या आमच्या गावात कातळात एक गुहा आहे, तिथे त्या शेकड्यांनी राहायच्या. बाई रत्नागिरीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि सुट्टी मिळाली की त्या गुहेत येऊन बसायच्या. मुक्काम आमच्याकडे. गाव त्यांना पाकोळीबाई म्हणे, आणि त्यांनी ते नाव आपल्या जेवणाच्या डब्यावर कोरूनही घेतलं होतं.

पहिल्यांदा मीच त्यांना आत घेऊन गेलो. तेव्हा मी गावच्या पोस्टात होतो आणि गुहेतल्या देवाच्या मानकऱ्यांपैकी एक म्हणून गुहेचं दार, म्हणजे तेव्हाचं नुसतं काट्यांचं कवाड, माझ्याकडेच असायचं. घोट्यापर्यंत पाय त्या मऊ काळ्या घाणीत रुतला, वर झुरळं चढायला लागली, आणि माझ्या पोटातलं होतं नव्हतं ते बाहेर पडलं. बाई माझी पाठ चोळत शांतपणे म्हणाल्या, "अण्णा, ओका, पण जरा हळू. त्या घाबरतात."

घरी आल्यावर त्या पडवीत पेपर पसरून लेंड्या सुईने विलग करत आणि कुठल्या किड्याचा पंख, कुठल्या किड्याचा पाय ते वहीत लिहीत. माझी बायको संतापाने लाल व्हायची. "चांगली शिकलेली बाय, नि माज्या पडवीत बसून शी चिवडत्ये," असं ती मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणे. बाईंनाही ते ऐकू जायचं. दुसऱ्या वर्षापासून मात्र बायको त्यांच्यासाठी जुने पेपर जपून ठेवायला लागली. का, ते तिने कधी सांगितलं नाही.

पाकोळीचा आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही, इतका तो बारीक. बाईंकडे तळहाताएवढं एक यंत्र होतं, ते तो आवाज आपल्यापुरता खाली आणायचं. तिन्हीसांजेला गुहेच्या तोंडाशी ते धरलं की चुळचुळ, टकटक असा नुसता बाजार भरायचा. आवाज भिंतीवरून, किड्यावरून परत येतो आणि त्यावरून तिला अंधारात वाट कळते, हे मला बाईंनी शिकवलं. "ओरडायला काय, सगळ्यांनाच येतं," त्या म्हणत. "ही ओरडून झाल्यावर ऐकते. म्हणून आपटत नाही."

कॉलेजात त्यांची थट्टाच व्हायची. कानाचा अभ्यास करायचा तर दवाखाना टाकायचा, असं त्यांचे साहेब भर सभेत म्हणाले होते. परदेशातून त्यांना पत्रं यायची, सुट्टीत ती आमच्या पत्त्यावर यायची नि मीच पोचवायचो. साहेब मात्र त्यांना गॅदरिंगची रांगोळी काढायला सांगायचे. बाई रांगोळीही काढायच्या, वाईट काढायच्या. वीस वर्षं त्यांना एकाच प्रश्नाने धरलं होतं. पिल्लं भिंतीला टांगून आया चरायला जातात. परत येतात तेव्हा शेकडो पिल्लं एकदम ओरडत असतात. त्यात आपलं कुठलं, ते आई कशी ओळखते?

त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष, आणि नेमकं तेव्हाच आमच्या देवस्थान समितीच्या डोक्यात जीर्णोद्धार शिरला. गुहेत पिंडी आहे. तिच्यावर पाकोळ्यांची शी पडते म्हणून समितीचा अध्यक्ष बाळा, माझा चुलतभाऊ, तोंडाला लोखंडी दार आणि बारीक जाळी लावणार होता. आत पांढऱ्या फरश्या, निळे दिवे. बाईंनी हात जोडले. मे महिना आहे, पिल्लं अजून अंगावर पितात, ती उडेपर्यंत थांबा, मग वरच्या बाजूला हातभर फट ठेवा, त्यांना तेवढी पुरते.

कौल लावायची अक्कल माझी. देवाने सांगितलं की बाळा गप्प बसेल, असं मला वाटलं. बाई म्हणाल्या, "देवाला पाकोळ्यांतलं काय कळतंय?" मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा जास्त वर्षं तो त्यांच्याबरोबर राहतोय." त्या हसल्या आणि कबूल झाल्या.

गुरवाने पिंडीच्या उजव्या-डाव्या अंगाला फुलांचे ओले कळे चिकटवले नि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, पिल्लां उडंपत्तर थांबायचा आसंल तर उजवा दे." उजवा कळा पडला. बाईंनी डोळे पुसले. तेवढ्यात बाळा म्हणाला, "गुरवानू, इचारलास ता चुकला. नीट इचारा." गुरव माझ्याकडे बघत राहिला. मी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होतो. मग त्याने पुन्हा कळे लावले. "तुज्या अंगावर घान पडते, ती तुला चालत नसंल तर डावा दे." बऱ्याच वेळाने डावा पडला. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. मीही म्हणालो. त्या गुहेतल्या झुरळांनीसुद्धा माझ्याकडे तोंड फिरवावं, असा तो माझा आवाज होता.

बाई परीक्षेच्या कामासाठी रत्नागिरीला गेल्या त्या दिवशी जाळी लागली. पाकोळ्या मरायला नकोत म्हणून बाळाने मुद्दाम तिन्हीसांज धरली. सगळ्या बाहेर पडल्या की दार लावायचं. पिल्लं आयांना चिकटून जातात, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. बाईंनी दहादा सांगितलेलं कुणी ऐकलं नव्हतं. किल्ली मानाने माझ्याकडे आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई आल्या. आया जाळीवर आपटत होत्या. आतून यंत्रात एक बारीक, न थांबणारी किरकिर येत होती. बाई म्हणाल्या, "अण्णा, किल्ली." ती माझ्या खिशात होती. मी म्हणालो, समितीला विचारतो, सकाळी देतो. समितीला डावलून दार उघडलं असतं तर पालखीला खांदा द्यायचा माझा मान गेला असता. बाई भांडल्या नाहीत. तिथेच दगडावर बसून त्यांनी सगळं ध्वनिमुद्रित केलं.

बाळा देवरुखला गेला होता. तो तिसऱ्या दिवशी परतला, तेव्हा दार उघडलं. आत काय होतं ते लिहिणार नाही. ते झाडून काढल्यावर फरश्या बसल्या.

बाई नोकरी संपवून भावाकडे नागपूरला गेल्या. गेल्या वर्षी त्यांचा शोधनिबंध टपालाने आला. त्यांना उत्तर मिळालंय. ते त्या संध्याकाळीच मिळालं. आया जाळीवर वाटेल तिथे आपटत नव्हत्या. प्रत्येक पिल्लाची हाक वेगळी, आणि प्रत्येक आई आपल्या पिल्लाच्या हाकेलाच तेवढी ओ देत होती आणि ती हाक बंद झाली की तीही थांबत होती. असा प्रयोग कुणीही जाणूनबुजून करू नये, असं बाईंनी लिहिलंय. शेवटी आभार आहेत. पहिलं नाव माझं, गुहा उघडून दिल्याबद्दल.

हे वाचून मी पालखीचा मान सोडला, असं लिहायला बरं वाटलं असतं. सोडलेला नाही. परवाच्या शिमग्यालाही मी खांदा दिला.